बदल उभ्यानं सांगायचे

घोड्याचं तोंड चुकीच्या बाजूला आहे, असं दस्तगीर मास्तरांनी सांगितलं तेव्हा आम्ही तिघंही उभे होतो. मास्तर टेबलाच्या पलीकडे, मी अलीकडे आणि माझी बायको वैजयंती दाराशी.

"चुकीच्या म्हणजे?" मी विचारलं.

"डावीकडं बघतोय की त्यो." मास्तरांनी पडद्यावर बोट टेकवलं. "बँडचं नाव हाय उजवीकडं, आन् घोडं बघतंय भाईर. लोक म्हणतील, वरात माघारी निघाली. नवरी पसंत पडली न्हाई वाटतं."

वैजूला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. गिऱ्हाइकाच्या बदलाला हसलं की तो बदल मान्य झाला, असं तिचं मत होतं.

"मास्तर, फोटोतला घोडा मी कसा वळवणार?"

"आमचा रहिमान खरा घोडा वळवतो, शेडगेसाहेब. तुमाला तर लगाम बी धरायचा न्हाई."

हे कऱ्हाडातलं. एका मेडिकलच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली आणि तिच्यामागे एक लहान खोली. आम्ही दोघं लोकांच्या वेबसाइट बनवायचो. काँप्युटरवरचं काम माझं, आणि माणसांचं काम वैजूचं. वैजू आता नाही. ती असती तर ही गोष्ट तिनंच सांगितली असती, आणि माझ्यापेक्षा बरी सांगितली असती. नाही म्हणून मी सांगतोय.

आम्ही उभे का होतो, ते आधी सांगतो.

तेव्हा आमच्या धंद्याचं दुखणं एकच होतं. काम संपायचं नाही. काय काय करायचं ते आधी ठरायचं, पानं ठरायची, रंग ठरायचा, आणि मग गिऱ्हाईक येऊन खुर्चीत बसायचं. एकदा बसलं की त्याला सुचायला लागायचं. एक साडीवाले शहा होते. ते जेवण करून यायचे, पंख्याखाली बसायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "इथं अजून काहीतरी पाहिजे." काय पाहिजे ते त्यांनाही माहीत नसायचं. मला नाही म्हणता येत नसे. मी आठवडाभर ते 'काहीतरी' करायचो, आणि ते येऊन म्हणायचे, "आधीचं बरं होतं."

वैजू एकदा पोस्टात गेली होती. येऊन म्हणाली, "पोस्टाच्या खिडकीवर कुणी गप्पा मारत नाही, बघितलंत का? कारण उभं राहावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून तिनं नियम केला. काम ठरवताना खुर्ची, चहा, सगळं. एकदा ठरलं की गिऱ्हाइकाच्या दोन्ही खुर्च्या आतल्या खोलीत. बदल उभ्यानं सांगायचे. सांगून झाले की खुर्ची बाहेर येणार, मग चहा. तिनं हे प्रत्येकाला हसून, आधी सांगून ठेवलं. आश्चर्य म्हणजे कुणी रागावलं नाही. शहा उभे राहिले, दोन मिनिटं पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे हे." एक हाडांचे डॉक्टर होते. ते अर्धा बदल सांगून भिंतीला टेकले आणि म्हणाले, "वहिनी, राहू दे, खुर्ची आणा."

नियम चालला. फक्त दस्तगीर मास्तरांपुढं चालला नाही.

मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचा स्वतःचा ब्रास बँड होता. कऱ्हाड, पाटण, उंब्रज, सगळीकडच्या वराती ते करायचे. साठीच्या जवळचा माणूस, पण काठीसारखा ताठ. नियम ऐकल्यावर त्यांना आनंदच झाला.

"वहिनी, मी आख्खा जन्म चालत वाजवलंय. हितं तर चालायचं बी न्हाई."

आणि ते उभे राहायचे, तासभर सहज. एका पायावरून दुसऱ्या पायावर भारसुद्धा टाकायचे नाहीत. वडीलधारा माणूस उभा असताना आपण बसणं बरं दिसत नाही, म्हणून मी उभा राहायचो. मी उभा म्हणून वैजू उभी. खालच्या मेडिकलवाल्यानं एकदा जिन्यातून डोकावून विचारलं, "वर काय राष्ट्रगीत चाललंय का?"

मास्तरांचा मुलगा भोसरीला एका कंपनीत होता. वेबसाइट करा, असं त्यानंच ठरवलं होतं. काम लहान होतं: बँडची माहिती, फोटो, बुकिंगसाठी एक पान. आषाढात घेतलं. चातुर्मासात वराती नसतात, म्हणजे मास्तरांना वेळ, आम्हालाही वेळ. महिन्याभरात व्हायला हवं होतं.

पण मास्तर दर दोन-तीन दिवसांनी यायचे. गणवेशाचा लाल रंग पडद्यावर फिका दिसतो. वेबसाइट उघडली की क्लॅरिनेट वाजला पाहिजे. वाजवून दाखवल्यावर, एवढ्या मोठ्यानं नको, कुणी कामाच्या जागी उघडली तर बिचाऱ्याची नोकरी जाईल. निवडणुकीच्या मिरवणुकीसाठी वेगळं पान हवं. हरलेल्याचीसुद्धा मिरवणूक काढतो, असं त्यात लिहा. "कोण काढतं?" मी विचारलं. "अजून कुणी काढली न्हाई. पण सोय पायजे."

सगळ्यात जास्त बदल फोन नंबरचे. आधी घरचा नंबर दिला. मग तो काढून पुतण्याचा घाला म्हणाले. मग पुतण्या टेम्पो चालवतो, त्याला ऐकू येत नाही, म्हणून घोडेवाल्या रहिमानचा. मग रहिमान फोनवर शिव्या देतो, म्हणून परत घरचा. मग तोही नको, विचार करून सांगतो.

गणपतीत ते दिसले नाहीत, कारण बँडला काम होतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कुलूप काढायच्या आधी ते जिन्यात उभे होते.

आता शर्तीचं सांगतो. वैजूचा भाऊ मनोहर पुण्यात एका मोठ्या कंपनीत होता. त्यानं माझ्यासाठी तिथं जागा धरून ठेवली होती. दसऱ्यापर्यंत हो किंवा नाही कळव, म्हणाला होता. मी थकलो होतो. महिन्याचा पगार, कुणी घोडा वळवायला सांगणार नाही, हे मला बरं वाटत होतं. वैजूला दुकान सोडायचं नव्हतं. ते तिनं उभं केलं होतं. खोली तिनं शोधली, पाटी तिनं लावली, गिऱ्हाइकं तिनं आणली. पुण्यात मी नोकरी करणार आणि ती घरात बसणार, हे तिला नको होतं. तसं ती एकदाच बोलली, पुन्हा बोलली नाही.

शेवटी मी म्हणालो, "वैजू, एक काम दाखव. एकच. ठरलं तेवढं आणि ठरल्या वेळेत संपलेलं. मग मी मनोहरला नाही म्हणतो."

"कुठलं काम?"

"हातात एकच आहे."

तिनं डोक्यावर हात मारला. "मास्तरांचं?"

"दसऱ्यापर्यंत."

"आणि नाही झालं तर?"

"तर दसऱ्याला मनोहरला फोन. हो म्हणून."

"लावली," ती म्हणाली.

म्हणून घोड्याचं तोंड महत्त्वाचं होतं. दसरा पंधरवड्यावर आला होता आणि मास्तर म्हणत होते, घोडा वळवा.

मी वळवला. फोटो आरशात दिसावा तसा उलटा करायला काही लागत नाही. घोडा उजवीकडं बघायला लागला. मास्तर दुसऱ्या दिवशी आले, उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले.

"आमचा सलीम डावरा कधी झाला?" त्यांनी विचारलं.

फोटोत ढोल वाजवणारा सलीम आता डाव्या हातानं वाजवत होता.

"आन् ढोलावरचं नाव वाचा."

ढोलावर बँडचं नाव होतं. तेही आता उलटं झालं होतं.

"हे कुणाला वाचता येतंय?" मास्तर म्हणाले. "वरातीच्या म्होरं चाललेल्या गाडीच्या आरशात बगणाऱ्याला. त्यो काय बुकिंग करणार हाय का?"

या वेळी वैजूला हसू गिळता आलं नाही. ती म्हणाली, "मास्तर, उद्या आम्हीच येतो. नवा फोटो काढू. घोडा, माणसं, कपडे, सगळं तयार ठेवा. आणि हा शेवटचा बदल."

"शेवटचा," मास्तर म्हणाले, आणि मान हलवली. पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी.

मास्तरांचं घर नदीच्या बाजूच्या एका गल्लीत होतं. आम्ही पोचलो तेव्हा ते लाल कोट घालून रस्त्यात उभे होते. सोनेरी दोऱ्या, टोपी, बूट, सगळं. बाकी चारच जण होते. चातुर्मासात कुणी शेतात मजुरीला जातो, कुणी केळी विकतो. घोडा रहिमानच्या हातात होता, आणि घोडा डावीकडं बघत होता.

रहिमाननं त्याला उजवीकडं वळवलं. लगाम सोडल्याबरोबर तो परत डावीकडं.

"काय रे ह्याला?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, तबेला तिकडं हाय. ह्यो कायम घराकडंच बघतो."

"वरातीत बरा बघतो की म्होरं."

"वरातीत त्याला परतीची वाटच म्हाईत नसती."

मग त्याला गूळ दाखवून झाला, शीळ घालून झाली. सलीमनं उजव्या बाजूला जाऊन घोड्यासारखा आवाज काढला. घोड्यानं त्याच्याकडं बघितलं, पण तोंड काही वळवलं नाही, नुसता डोळा फिरवला. मी कॅमेरा धरून उभा. गल्लीतली सगळी माणसं गोळा झाली, आणि प्रत्येकाला एक युक्ती सुचत होती.

वैजू एका ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही रस्त्याच्या पलीकडं जाऊन फोटो काढा ना."

मी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. रहिमाननं घोड्याकडं बघितलं. मी रस्ता ओलांडला. तिकडून घोडा उजवीकडं बघत होता.

फोटो झाल्यावर मास्तर म्हणाले, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. आम्ही आत गेलो. भिंतीवर वाद्यं टांगलेली, कोपऱ्यात एका स्टुलावर फोन. फोनवर लोकरीचं विणलेलं झाकण होतं, हिरवं, त्याला पांढरी झालर. मास्तर लाल कोट घालूनच चहाच्या तयारीला लागले. एक डबा उघडला, त्यात रवा. दुसरा उघडला, डाळ. तिसऱ्यात परत डाळ. मला गंमत वाटत होती. तेवढ्यात शेजारची एक बाई वाटीत साखर घेऊन आली.

"द्या हिकडं," ती म्हणाली. "हमीदाभाभी गेल्यापासनं मास्तरांना घरात काय घावत न्हाई."

"कधी गेल्या?" वैजूनं विचारलं.

"पावसाच्या आधी." मास्तरच बोलले. "ताप आला, दवाखान्यात नेलं. च्यात आलं घालू का, वहिनी?"

मास्तरांची बायको गेल्याचं आम्हाला माहीतच नव्हतं. मी काहीतरी बोललो, अशा वेळी बोलतात तसं. चहा पिताना फोन वाजला. मास्तर जागचे हलले नाहीत. फोन वाजत राहिला. वैजूनं फोनकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"फोन," मी म्हणालो.

"वाजू द्या. राँग नंबर असंल."

शेजारची बाई बशी विसळता विसळता म्हणाली, "ह्यो असाच वाजतो आन् बंद हुतो."

येताना वैजू मागं वळून गल्लीकडं बघत होती. मी विचारलं, तर म्हणाली, "फोटो चांगला आलाय." मी म्हणालो, "मग झालं. आता फोटो बसवला की काम संपलं." ती हो म्हणाली.

मास्तर पुन्हा आले ते नवरात्रात. मी फोटो बसवला होता, सगळं तयार होतं. मी उठून उभा राहिलो, आता उभंच राहायचं म्हणून. तर वैजू आतून खुर्ची घेऊन आली आणि मास्तरांच्या पुढं ठेवली.

"बसा."

"बदल सांगायचा हाय, वहिनी."

"मग उभे राहा. बसायचं असेल तर वेबसाइटचा विषय नाही. चहा आहे."

मास्तरांनी खुर्चीकडं बघितलं. "म्हंजे एक तर बदल, न्हाईतर च्या?"

"हो."

"ह्यो नवा नियम?"

"जुनाच आहे. अर्धा तुम्हाला सांगायचा राहिला होता."

मास्तर थोडा वेळ उभे राहिले. मग खुर्चीच्या कडेला टेकले. वैजूनं कप हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "त्यो फोन नंबर..."

वैजूनं हात पुढं केला. "कप द्या. उभे राहा."

त्यांनी कप दिला नाही. दुसरा घोट घेतला. मग पुन्हा अर्धे उठले, गुडघे वाकलेले, कप हातात. माझ्याकडं बघितलं. मी वैजूकडं बोट दाखवलं. ते परत बसले, या वेळी पाठ टेकून. त्यांची पाठ खुर्चीला टेकलेली मी पहिल्यांदा बघत होतो.

"मास्तर," वैजू समोर बसत म्हणाली, "बुकिंगला फोन आला की भाभी काय काय विचारायच्या?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "हमीदा फोन घ्यायची, हे कुणी सांगितलं तुमाला?"

"फोनला झाकण विणलंय. ते काही तुम्ही विणलं नसणार."

मास्तर हसले. मग म्हणाले, "पयलं विचारायची, नवरदेवाला घोड्याची भीती वाटती का. बाप म्हणायचा, छे, वाघ हाय आमचा. मग ती म्हणायची, वाघाला फोन द्या."

"मग?"

"वाघ हळूच म्हणायचा, जीप सजवली तर चालंल का."

वैजू हसली. मीही बसलो.

"मग विचारायची, वाटंवर दवाखाना हाय का. असंल तर तितनं बँड गप जाणार. हे आधी कबूल करून घ्यायची, मग वरातीत पोरं भांडत न्हाईत. मग विचारायची, मुलीच्या घरी कुणी म्हातारं हाय का, ते कुठं बसणार. तिकडं कर्ण्याचं तोंड करायचं न्हाई. आन् मग, शेवटचं गाणं कुठलं."

"पहिलं नाही?"

"पयलं काय बी चालतं. ती म्हणायची, शेवटचं आधी ठरवा. शेवटचं ठरलेलं असलं की वरात संपती. न्हाईतर पोरं म्हणतात, अजून एक, अजून एक. मांडवात मुहूर्त टळून जातो."

वैजूनं माझ्याकडं बघितलं. "अहो, ऐकलंत? शेवटचं आधी ठरवायचं. आपण नुसतं उभं करत बसलो लोकांना."

"तिला भेटला असता तुमी तर जमलं असतं तुमचं," मास्तर म्हणाले. "मी नुसता वाजवणारा. सकाळी ती सांगायची, आज ह्या गावी जायचं, इतकी माणसं घ्या. मी जायचो. तिच्या आवाजावर बुकिंग यायची. लोक वरातीत येऊन मला विचारायचे, फोनवर बोलत्यात त्या बाई कुठं हायत." त्यांनी कप पुन्हा उचलला. "पोरगं म्हणतं, ही वेबसाइट झाली की फोनवर बोलायला मानूसच लागत न्हाई. लोक आपलं आपलं भरत्यात. चांगलंच हाय की ते."

"चांगलंच आहे," वैजू म्हणाली.

"चांगलंच हाय. पण एकदा झाली की झाली."

खाली मेडिकलमध्ये कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

वैजू खुर्चीतून उठली. पदर नीट केला आणि टेबलाच्या पलीकडं, जिथं गिऱ्हाइकं उभी राहायची, तिथं जाऊन उभी राहिली.

"मला एक बदल सांगायचाय," ती मला म्हणाली.

"तुला?"

"उभ्यानं सांगतेय. बुकिंगचं पान काढून टाका. नवीन करा. वर भाभींचं नाव. आणि खाली त्या विचारायच्या तसंच, त्यांच्याच शब्दांत. वाघाला फोन द्या, हेसुद्धा. एकेक विचारायचं, उत्तर आलं की पुढचं. दवाखाना आहे म्हटलं तर पुढं दुसरं विचारायचं, नाही म्हटलं तर दुसरं."

मी मनात हिशेब केला. आज करा, उद्या करा, असं ते काम नव्हतं. दसरा दोन दिवसांवर होता. मी तिच्याकडं बघितलं. तिला हे माझ्याइतकंच कळत होतं. तरी ती तिथं उभी होती, हात टेबलावर टेकून, उत्तराची वाट बघत.

"मास्तर, चालेल?" मी विचारलं.

मास्तर खुर्चीतच होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. "आन् नंबर घरचाच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. ते घाईनं उठून उभे राहिले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले.

ते गेल्यावर मी वैजूला म्हणालो, "शर्त?"

"हरले."

"बोलायच्या आधी माहीत होतं?"

"उठले तेव्हा माहीत होतं."

"मग?"

"मग काय? दसऱ्याला मनोहरला फोन करा. सोनं देऊन झाल्यावर." आणि ती कप विसळायला गेली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. कप मात्र बराच वेळ विसळत होती.

दसऱ्याला सकाळी तिनं काँप्युटरची पूजा केली. पडद्याला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू. मी वरनं पुसून घेणार तेवढ्यात म्हणाली, "आज त्याला हात लावायचा नाही. आज त्याची सुट्टी." पान अर्धंच झालं होतं. दवाखान्यापर्यंत आलो होतो. शेवटचं गाणं बाकी होतं.

मेडिकलवाल्याला सोनं दिलं, घरमालकांना दिलं. दुपारी मास्तरांचा फोन आला, घरच्या फोनवरून. त्यांना आणखी एक आठवलं होतं. हमीदाभाभी विचारायच्या, नवरदेव उंच आहे का. उंच असेल तर घोडा मोठा आणायचा, नाहीतर पाय जमिनीला लागतात आणि तो चालत आल्यासारखा दिसतो. मी लिहून घेतलं. वैजू ऐकत होती.

"चला," ती म्हणाली. "आता मनोहरला लावा."

मी लावला. ती समोर खुर्चीत बसली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत.

"बोला भावजी," मनोहर म्हणाला. "काय ठरलं?"

"मनोहर, येता येणार नाही. काम वाढलंय."

वैजूनं मान वर केली.

"अहो, पण तुमचं ते काम तर संपत आलं होतं ना? कुणी वाढवलं?"

"तुझ्या बहिणीनं."

मनोहर हसला. मग म्हणाला, "तिनं वाढवलं असेल तर मग आपल्याला काही करता येणार नाही."

फोन ठेवल्यावर वैजू म्हणाली, "शर्त म्हणजे शर्त असते."

"शर्त कामाची होती," मी म्हणालो. "काम वाढलं की तारीख वाढते. गिऱ्हाइकांना रोज कोण सांगतं हे?"

ती उठली, आतल्या खोलीतून दुसरी खुर्ची आणली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. त्या खुर्च्या मग परत आत गेल्या नाहीत. त्याऐवजी वैजू प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी विचारायची, तुमचं शेवटचं पान कुठलं. शहांनासुद्धा.

मास्तरांची वेबसाइट दिवाळीच्या आत झाली. तुळशीच्या लग्नानंतर बुकिंग सुरू झाली. लोक त्या पानावर सगळं भरायचे, आणि तरी फोन करायचे. या हमीदाभाभी कोण, म्हणून विचारायचे. मास्तरांना फोन उचलावाच लागायचा. ते वेबसाइटला परत कधीच बदल घेऊन आले नाहीत. नुसते येत राहिले, बसायला.

वैजू गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. मनोहर दर रविवारी फोन करतो. म्हणतो, भावजी, एकटे काय करता तिथं, पुण्याला या, खोली रिकामी आहे. मी सांगतो, येईन, पण एक पान बदलायचं राहिलंय. आमच्याच वेबसाइटचं. तिथं शेवटी लिहिलंय, कामासंबंधी बोलायचं असेल तर वैजयंती शेडगे यांना भेटा.

काम पाच मिनिटांचं आहे. मनोहरलाही ते ठाऊक आहे, तो याच धंद्यातला. तो म्हणतो, ठीक आहे भावजी, सावकाश करा.